शिबिरात मुलांच्या हाती काय देताय?

दिवाळी आटोपली की शाळेच्या कार्यालयात रंगीत पत्रकं यायला लागतात. लीडरशिप कॅम्प, ॲडव्हेंचर रिट्रीट, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. दोन रात्री, तीन दिवस, झिपलाइन, दोरीचे खेळ, स्विमिंग पूल, रात्री कॅम्पफायर आणि डीजे. शिबिराचा दर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. घरात दोन मुलं एकाच हायस्कुलात असली तर आमच्या भागातल्या रिक्षावाल्याला त्यातलं एकच पाठवता येईल, असा तो दर असतो. मग मुलगा जातो की मुलगी, हे मी सांगायला नको.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात विज्ञान शिकवते. मुलांना चार भिंतींबाहेर न्यायला हवं, रात्री मुक्कामाला न्यायला हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वाद आहे तो नेऊन त्यांना करायला काय देणार, यावर. एका रिसॉर्टवरच्या शिबिराला मी मुलांबरोबर गेले होते. नाव घेत नाही, अशी ठिकाणं किनारपट्टीला पुष्कळ आहेत. दिवसभर मुलं रांगेत उभी. हेल्मेट चढवा, हूक अडकवा, ओरडत खाली या, पुन्हा रांगेत. जेवण बुफे. ताट टेबलावर तसंच सोडून उठायचं, उचलायला माणसं होती. संध्याकाळी एक वक्ते आले. त्यांनी दिवे मंद करायला लावले, डोळे मिटून आईबाबांचे कष्ट आठवायला सांगितलं, मागे बासरी लावली. नववीची निम्मी मुलं हुंदके देऊन रडली. पालकांना पाठवायच्या व्हिडिओत तो भाग सगळ्यात वर होता. चौदा वर्षांच्या मुलाला रडवणं फारसं कठीण नसतं हो. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मुलं ताटं टेबलावर सोडून उठली.

आता दुसरं शिबिर सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या देवळांना अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या धर्मशाळा, आहेत. खोल्या साध्या, पण नळ, न्हाणीघरं आणि मोठी स्वयंपाकाची जागा असते. देवस्थान समितीला वेळेवर पत्र दिलं, मुलं शिस्तीत राहतील याची हमी दिली, की सहसा नाही म्हणत नाहीत. अशाच एका अग्रशाळेत आठवी-नववीची मुलं दोन रात्री राहिली. चार गट केले. स्वयंपाक, पाणी आणि भांडी, झाडलोट, आणि चौथा गट हिशेबाचा. प्रत्येक गटाचा प्रमुख विद्यार्थीच. आम्ही शिक्षकांनी स्वयंपाकघरात जायचं ते फक्त आगीवर आणि सुरीवर लक्ष ठेवायला, असं आधीच ठरलं होतं. ते पाळणं आम्हाला फार जड गेलं, कारण आमच्यातल्या प्रत्येकीला फोडणी करपताना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अळसांद्यांची (चवळीसारखं कडधान्य) भाजी करायची होती. आदल्या रात्री अळसांदे भिजत घालायचे कुणालाच सुचलं नाही. सकाळी ते तसेच चुलीवर चढले. अकरा वाजले, बारा वाजले, अळसांदे दगडासारखे. बाहेर झाडलोट करून, पाणी भरून भुकेलेली मुलं ताटं वाजवायला लागली. भाजी बाजूला ठेवून शेवटी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं असं जेवण झालं, तेही दीडच्या पुढे. भांड्यांच्या गटातल्या एका मुलाने स्वयंपाक गटाच्या प्रमुखाला चांगलंच सुनावलं. ती मुलगी रडली नाही. तिने उलट विचारलं, "तुला ठाऊक होतं तर काल रात्री का नाही सांगितलंस?" त्याला ठाऊक होतं, कारण घरी भिजत घालायचं काम त्याचंच. पण त्याचं म्हणणं, मला कुणी विचारलं नाही, माझा गट भांड्यांचा.

रात्रीच्या बैठकीत यावर अर्धा तास भांडण झालं आणि आम्ही मध्ये पडलो नाही. शेवटी त्यांनीच नियम केला की झोपण्याआधी चारही गटांनी एकत्र बसायचं आणि उद्याचं काम मोठ्याने वाचायचं, म्हणजे ज्याला काही ठाऊक आहे तो बोलेल. आता सांगा, नेतृत्व, संवाद, टीमवर्क असले शब्द लिहिलेल्या कुठल्या स्लाइडने हे शिकवलं असतं?

हे काही मी शोधून काढलेलं नाही. 1907 साली बेडन-पॉवेलने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. त्यात वीसेक मुलं होती, काही श्रीमंती शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाचं प्रमुखपद त्यांच्यातल्याच एका मुलाला दिलं. सगळी स्काउट चळवळ त्यातून उभी राहिली. आपल्याकडे 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आहे, तिचं सात दिवसांचं विशेष शिबिर गावात होतं आणि त्यात श्रमदान असतंच. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा फावडं हातात धरलं ते एनएसएसमध्ये. शाळेपर्यंत येता येता मात्र शिबिराची सहल होते.

आणि जायचं कुठे, हा प्रश्न गोव्यात तरी कुणी विचारू नये. बोंडला अभयारण्य आमच्याच तालुक्यात, जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं. सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर शंभरावर कोरीव चित्रं आहेत, गवे, हरणं, माणसं आणि एक मोठा भुलभुलैया. ती 1993 साली अभ्यासकांपुढे आली. गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती, आपल्याकडे बहुतेक गोष्टींचं असंच असतं. मुलांना तिथे नेऊन गाइडचं भाषण ऐकवू नका. एकेकाला एकेक चित्र वाटून द्या, मोजायला लावा, कागदावर प्रमाणात काढायला लावा. चित्रावर पाय पडता कामा नये, हे आधी सांगून ठेवा.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे खाजनाच्या बांधातली मानस. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी दारं. दिवाडी, चोडण भागात खाजनं आहेत. भरती आली की खारं पाणी नदीच्या बाजूने मानशीच्या दारांना रेटतं आणि दारं आपोआप बंद होतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातलं पाणी निघून जातं. ना वीज, ना मोटर. बांधावर बसून दारं केव्हा मिटली, केव्हा उघडली, याच्या वेळा लागोपाठ दोन दिवस मुलांकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकलेली दिसते. ती का, हे वहीत आधी लिहून दिलं तर मुलं पाठ करतात. बांधावर डास मारत बसून स्वतः टिपलं की चंद्राशी त्याचं काय नातं, हे विचारल्याशिवाय ती राहत नाहीत. मात्र बांधावर मोठं माणूस हवंच, आणि अंधारात कुणालाही पाण्याच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलं आहे. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांबरोबर मुलांनी काम करावं, असं त्यात आहे. आमच्याकडे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, पदेराची (पाव भाजणाऱ्याची) भट्टी आहे, डिचोलीचे कुंभार आहेत. (काजूची भट्टीही आहे, पण नीरो, म्हणजे काजूचा ताजा रस, इथेच थांबावं, पुढचं मोठेपणी.) यातलं काहीच महाग नाही.

खर्च आहे तो जबाबदारीचा. पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात धबधब्यावर शाळेची मुलं न्यायचीच नाहीत, या बाबतीत मी अगदी जुन्या वळणाची आहे. सत्तरी तालुक्याच्या बाजूला जायचं तर माकडताप लक्षात ठेवावा लागतो. 2015 नंतर तिथे रुग्ण सापडले आहेत, गोचिडीतून तो पसरतो, आणि कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका शिबिरांच्या हंगामात, त्याचा जोर असतो. म्हणून आधी तिथल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं. ते नको म्हणाले तर बेत बदलायचा. पालापाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं. हे मुलांना सांगणं हादेखील शिबिराचाच भाग आहे. रिसॉर्टवाला हे सांगत नाही, त्याच्या लॉनवर पाचोळाच नसतो.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. 'आमच्यात मुली रात्री बाहेर राहत नाहीत' हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि ते म्हणणाऱ्या आईशी वाद घालून उपयोग होत नाही. तिला जागा नेऊन दाखवावी लागते. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का, पाळी आली तर पॅड कुठे मिळणार आणि टाकायचं कुठे, बाईंची खोली किती अंतरावर. देवळाच्या आवारात राहायचं असेल तर पाळीचा प्रश्न आणखी अवघड होतो. देवस्थानाचा रिवाज काय आहे हे आधी स्पष्ट विचारावं, आणि तो मुलींना अडचणीत टाकणारा असेल तर सरळ गावातली शाळा किंवा पंचायतीचं सभागृह बघावं. एकाही मुलीला तिथे जाऊन कोपऱ्यात बसायची पाळी येता कामा नये.

शिक्षकांच्या बाजूनेही बोलते, नाहीतर स्टाफरूममध्ये मला चहा मिळणार नाही. परवानग्या, संमतीपत्रं, बस, विमा, आणि काही झालं तर पहिला फोन कुणाला येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पूर्वी परीक्षा आणि जून यांच्यामध्ये मोकळा श्वास होता. 2025 साली वरचे वर्ग एप्रिलमध्येच भरले. अशा वेळी मुख्याध्यापक तयार पॅकेजला हो म्हणतात, ते आळसापोटी नव्हे. तिथे सही करून जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. शिबिर भरवणाऱ्या शिक्षकाला त्या आठवड्यात बाकीच्या कामांतून सूट मिळाली पाहिजे, एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही.

यंदा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी दोन्ही बेत खर्चासकट मांडणार आहे. अग्रशाळेच्या बेताला मुलांच्या आयांपैकी दोघी हव्या आहेत. अट एवढीच की त्यांनी रात्री मुलींच्या खोलीत झोपायचं आणि दिवसा चुलीला हात लावायचा नाही. पहिल्या अटीला होकार देणाऱ्या आताच चौघी आहेत. दुसरी अट ऐकल्यावर त्यांतल्या तिघी म्हणाल्या, "बाई, निदान फोडणी तरी आम्ही घालू?"