हाडातलं नत्र आणि ‘आदिमानव फक्त मांस खायचा’ हा दावा

वजन कमी करण्याच्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरतो. शेतीआधीचा माणूस जवळजवळ फक्त मांसावर जगत होता, हे हाडांच्या रासायनिक तपासणीने सिद्ध झालंय. धान्य आणि कंद ही गेल्या 10 हजार वर्षांतली भानगड. दात किडायला लागले तेही तेव्हापासूनच. सोबत निअँडरथलचं, म्हणजे आपल्या जवळच्या पण नामशेष झालेल्या मानवाचं, चित्र आणि ‘नायट्रोजन 15’ हे नाव. नायट्रोजनची, म्हणजे नत्राची, तपासणी खरीच होते, म्हणून हा फॉरवर्ड हसून सोडून देण्यातला नाही.

आधी त्यातलं खरं ते घेऊ. हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन आहे आणि त्यातलं नत्र खाल्लेल्या प्रथिनांतून येतं. नत्राचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचे प्रकार असतात, हलकं 14 आणि जड 15. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नत्र दर हजारी साधारण 3 ते 5 ने वाढतं. गवतापेक्षा हरणात जास्त, हरणापेक्षा लांडग्यात जास्त. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या निअँडरथलांचा हा आकडा मांसाहारी प्राण्यांच्या पंक्तीत बसतो, असं 2000 साली प्रसिद्ध झालं. तिथे वाद नाही.

घोळ पुढे होतो. नत्र प्रथिनात असतं. पिष्टात नसतं, साखरेत नसतं, चरबीतही नसतं. म्हणजे हा आकडा प्रथिनं कुठून आली ते सांगतो, पोट कशाने भरलं ते नाही. हिशेब करून बघा. एका माणसाने दिवसभरात 300 ग्रॅम हरणाचं मांस आणि दीड किलो रताळ्यासारखे कंद खाल्ले. मांसातून सुमारे 66 ग्रॅम प्रथिनं मिळाली, कंदांतून 24. उष्मांक मात्र मांसातून साडेतीनशेच्या आसपास आणि कंदांतून जवळजवळ तेराशे. ज्याची जवळपास 80 टक्के ऊर्जा कंदांतून आली, त्याच्या हाडात पाऊण नत्र हरणाचं दिसणार. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे हाड पाहिलं असतं तर त्याला खाटकाकडचं गिऱ्हाईक ठरवलं असतं.

शिवाय वाढलेल्या नत्राचं कारण दर वेळी मांसच असतं असंही नाही. मासे खाणाऱ्यांत ते वाढतं, कारण पाण्यातली अन्नसाखळी लांब असते. अंगावर पिणाऱ्या बाळात ते आईपेक्षा जास्त असतं. कोरड्या प्रदेशात तर मातीपासून गवतापर्यंत सगळंच वर सरकलेलं असतं. म्हणून त्याच ठिकाणच्या, त्याच काळातल्या प्राण्यांची हाडं शेजारी ठेवल्याशिवाय माणसाच्या आकड्याला अर्थ नाही. निअँडरथलांबाबत आणखी एक अडचण आहे. एकूण उष्मांकांपैकी एक तृतीयांशाहून बराच जास्त वाटा प्रथिनांचा झाला तर माणसाच्या यकृताला तो पेलत नाही. मग लांडग्या-तरसांइतकं नत्र आलं कसं? 2025 साली काही संशोधकांनी सुचवलं की साठवून कुजलेल्या मांसातल्या अळ्याही खाल्ल्या जात असाव्यात. अशा अळ्यांत जड नत्र भरपूर असतं. हे अजून अनुमानच आहे. पण ‘आदिमानवाचा आहार’ विकणारं कुणी पाकिटावर अळ्या छापताना दिसत नाही.

10 हजार वर्षांआधी माणूस धान्य खात नव्हता, हा मुद्दा लवकर निकालात निघतो. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो 2 या ठिकाणी 23 हजार वर्षांपूर्वीचे रानटी जवाचे दाणे आणि दळायचा दगड सापडला आहे. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथलांच्या दातांवरच्या किटणात शिजलेल्या पिष्टाचे कण मिळाले आहेत.

दातांचा मुद्दा मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पूर्व मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत सुमारे 15 ते 13 हजार वर्षांपूर्वी पुरलेली माणसं शेती करत नव्हती. तरी त्यांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले! गुहेत ओकची फळं, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया आणि रानटी कडधान्यं सापडली. 2024 साली याच लोकांच्या दातांच्या एनॅमलमधल्या जस्ताचे समस्थानिक तपासले गेले आणि आहारात वनस्पतींचा मोठा वाटा निघाला. रानमेंढ्याही ते खात होतेच. जस्ताची तपासणी महत्त्वाची आहे, कारण एनॅमल टिकतं, हाडातलं कोलॅजेन मात्र उष्ण हवेत लवकर नष्ट होतं. आपल्यासारख्या प्रदेशात तर ते मिळणंच मुश्कील. साहजिकच, नत्राचे गाजलेले पुष्कळसे जुने आकडे थंड युरोपातले आहेत आणि फॉरवर्डमधला ‘आदिमानव’ हा बहुतेक वेळा हिमयुगातला युरोपीय असतो.

जस्त मांसाहाराच्या विरोधातच साक्ष देतं असंही समजू नका. स्पेनमधल्या गाबासाच्या निअँडरथल दाताने मांसाहाराकडेच बोट दाखवलं.

आता शाकाहारी मित्र टाळ्या पिटत दुसरा आकडा पुढे करतील: पेरूच्या अँडीज पठारावर 9,000 ते 6,500 वर्षांपूर्वीच्या 24 जणांच्या हाडांवरून आहार 80 टक्के वनस्पतींचा निघाला. बरोबर आहे. तिथे भाल्यांची पाती आणि प्राण्यांची हाडं पाहून आधी सगळ्यांना शिकारीच वाटले होते. पण ते 24 जण अख्ख्या मानवजातीचे प्रतिनिधी नव्हेत. त्याच 2024 साली अमेरिकेतल्या माँटानामधल्या सुमारे 12,800 वर्षांपूर्वीच्या एका बाळाचा अभ्यास आला. बाळाच्या आईच्या आहारात सुमारे 40 टक्के वाटा एकट्या मॅमथचा, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीचा होता. तोही दीड वर्षाच्या बाळाच्या हाडांतून, अंगावरच्या दुधाचा परिणाम वजा करून काढलेला. आईचं हाड कुणी तपासलेलं नाही.