दोन वर्षं झाली म्हणून फोन मरत नाही

दसरा जवळ आला की आमच्या सोलापुरात एक मेसेज फिरायला लागतो. नळाला पाणी कधी येणार हे कळावं म्हणून केलेल्या गल्लीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, टॉवेल कारखान्यातल्या शिफ्टच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. मजकूर थोडक्यात असा: "कंपन्या दोन वर्षांत मरेल असाच फोन बनवतात. बॅटरी बदलून उपयोग नाही, बदललेली बॅटरी फुटते. जुन्या फोनवरून बँक खातं रिकामं होतं. ४जी फोन लवकरच बंद पडणार. नव्यात १०८ मेगापिक्सेल आणि १६ जीबी रॅम मिळते. बिनव्याजी हप्ते आहेत, खिशाला झळ नाही. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्या, जास्त किंमत तिथंच मिळते. सर्वांना कळवा."

मी नवी पेठेजवळ बारा वर्षं मोबाईल दुरुस्त करतोय. माझं पोट दुरुस्तीवर आहे, त्यामुळे हा असंच म्हणणार असं कुणाला वाटलं तर ते चूक नाही. म्हणून मेसेज जिथं खरा आहे तिथं तसं लिहिलंय, आणि बाकीचं ज्याला त्याला तपासता येईल असं.

पहिली गोष्ट, कंपन्या मुद्दाम फोन मारतात ही. हे हवेतून आलेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं की जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकानं ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला, कारण त्यांच्या अपडेटमुळे जुने फोन मंदावले. फ्रान्सनं २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला. एवढं सगळं खरं. पण त्या प्रकरणाचा पुढचा भाग मेसेजमध्ये कधीच येत नाही. ॲपलनं वेग कमी केला होता तो थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून, आणि बॅटरी नवी टाकली की तोच फोन पुन्हा पूर्ववत पळत होता. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला तो त्यामुळेच. म्हणजे ज्या घटनेवर हा मेसेज उभा आहे, तीच सांगते की फोन नाही, बॅटरी बदला.

हा दोन वर्षांचा आकडा येतो कुठून, तेही बघा. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येते, असा बरीच वर्षं चालत आलेला हिशेब आहे. (शून्य ते शंभर म्हणजे एक पूर्ण चार्ज; दोनदा पन्नास-पन्नास टक्के भरलं तरी एकच.) रोज एक चार्ज धरला तर पाचशे दिवस, म्हणजे दीड वर्षाच्या आत-बाहेर. त्यात आमचं सोलापूर. ॲपल स्वतः फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी चार्जिंगला लावलेला, वर उशी पडलेला, नाहीतर गाडीच्या हँडलला उन्हात अडकवलेला फोन माझ्याकडे येतो तेव्हा बॅटरीनं आपलं आयुष्य लवकरच खाल्लेलं असतं. दोन वर्षं हे वय बॅटरीचं आहे. बोर्ड, स्क्रीन, कॅमेरा यांचं नाही. तेही अलीकडे वाढतंय: आयफोन १५ पासून ॲपल हजार चार्जचा आकडा देतं आणि युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून आठशे चार्जनंतरही ८० टक्के ताकद उरलीच पाहिजे असा नियम केलाय.

गेल्या उन्हाळ्यात विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एक अक्का आल्या. हातातल्या पिशवीत फोन, सोबत बारावीतली मुलगी. "का ओ भाऊ, हा फोन गेला म्हणे. दुकानात सांगितलं, दोन वर्षं झाली, आता नवीनच घ्या." सोळा हजारांचा फोन त्यांना दाखवला होता, हप्त्यावर. फोन ४० टक्क्यांवर बंद पडायचा, कॅमेरा उघडला की बंद पडायचा. ही थकलेल्या बॅटरीची अगदी सरळ लक्षणं आहेत: कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो आणि बॅटरीला तो देता येत नाही. बॅटरी बदलली, हजाराच्या आत काम झालं. मागच्या महिन्यात त्याच फोनवर मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरला. हजार विड्या वळल्या की किती पैसे हातात येतात हे आमच्या गावात कुणाला सांगायला नको. त्या हिशेबात सोळा हजार म्हणजे काय होतं, ते मेसेज पुढे ढकलणाऱ्यानं एकदा मनात मांडून बघावं.

अजून एक प्रकार मी सोलापुरात जास्त बघतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा फोन "चार्जच होत नाही, बोर्ड गेला" म्हणून येतो. भिंगाखाली बघितलं तर चार्जिंगच्या खाचेत सुताचे बारीक तंतू दाबून दाबून बसलेले, वाळलेल्या पानासारखा थर. वायर आत टेकतच नाही. लाकडी टोकानं अलगद काढला की पाच मिनिटांत फोन चालू. घरी करायचं तर फोन बंद करा आणि धातूची सुई घालू नका, आतल्या पिना वाकतात. या कामाचे मी पैसे घेत नाही.

आता बदललेली बॅटरी फुटते, हे. वाईट बॅटरी फुटू शकते, नक्की. टेम्पोतून किलोवर आलेल्या, नाव-गाव नसलेल्या बॅटऱ्या मी हातात घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. आपल्याकडे फोनच्या बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे; तिच्यावर आयएस १६०४६ हा मानकाचा आकडा आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो. दुरुस्तीवाल्याला तो दाखवायला सांगा, बिल मागा. जमत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बदला, थोडे जास्त जातील. पण नवा फोन म्हणजे सुरक्षित हे समीकरण कुठलं? २०१६ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी नोट ७ जगभरातून परत मागवला तो कोरा करकरीत फोन पेट घेत होता म्हणून. खरा धोका फुगलेली जुनी बॅटरी तशीच वापरण्यात आहे. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुलायला लागला, की त्या दिवसापासून चार्जिंग बंद.

जुन्या फोनवरून बँक खातं रिकामं होतं, या वाक्यात मात्र तथ्य आहे, आणि इथं मी दुरुस्तीची बाजू घेणार नाही. सुरक्षा अपडेट येणं थांबलेल्या फोनमध्ये सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं मागची असेल तर त्या फोनवर युपीआय आणि बँकेचं ॲप ठेवू नका; फोन बोलायला, गाणी ऐकायला घरात राहू द्या. पण तारीख बघा, फोनचं वय नको. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गूगल-सॅमसंग सात वर्षं अपडेट देतात. गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन आहे. उलट काही स्वस्त फोनना दोन वर्षंच मिळतात, आणि ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल दसऱ्याला स्वस्तात मिळतं तेव्हा त्यातलं किती आयुष्य दुकानाच्या शेल्फवर गेलं, ते विचारा. नवा फोन घ्यायचाच असेल तर माझा हिशेब असा: पंधरा हजारांचा आणि दोन वर्षं अपडेटचा फोन वर्षाला साडेसात हजाराला पडतो, अठरा हजारांचा आणि सहा वर्षांचा फोन वर्षाला तीन हजाराला.

आणि एक सांगतो. माझ्या टेबलावर पैसे गेल्याची रड घेऊन येणाऱ्यांतले बरेच फोन नवेच असतात. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते, माणूस ती उघडतो, परवानग्या देतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागतात. कालच घेतलेल्या पन्नास हजारांच्या फोनलाही हे चुकत नाही. पत्रिका कधीच एपीके नसते. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही.

४जी फोन बंद पडणार, यावर जास्त लिहीत नाही. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि ४जी त्याच्या शेजारी चालूच आहे. एअरटेलनं २०२० मध्ये ३जी बंद केलं, पण त्यांचं २जी अजून चालतंय. बटणांचे फोन बघा की. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून अमर्याद ५जी डेटासाठी मोठा रिचार्ज लागतो, तो खर्च फोनच्या किमतीत कुणी धरत नाही. व्हॉट्सॲप बंद होईल या भीतीबद्दल एवढंच, की १ जानेवारी २०२५ ला त्यानं अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनची साथ सोडली, आणि अँड्रॉइड ५ हे २०१४ चं आहे.

१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या मोडवर नऊ बिंदू मिळून एक करतो आणि तुम्हाला १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला की आणखी दाबला जातो. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री काढलेला फोटो चांगला येतो तो सेन्सरच्या आकारामुळे आणि हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेमुळे, डब्यावरच्या आकड्यामुळे नाही. १६ जीबी रॅमचंही (चालू ॲप सांभाळणाऱ्या वेगवान मेमरीचंही) तसंच. बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा ८ अधिक ८ असतं. दुसरे आठ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमच्या वेगानं चालत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपा महागल्यात, त्यामुळे हा फरक न बघता दिलेले पैसे आता जास्तच बोचतील. जुना फोन अडखळत असेल तर आधी स्टोरेज बघा. ३२ किंवा ६४ जीबीचा फोन सुप्रभातच्या व्हिडिओंनी गच्च भरला की तो कुठल्याही कंपनीचा असला तरी रांगतो.

हप्त्यांवर मात्र थांबायला हवं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं. त्यानंतर 'नो कॉस्ट' हे नाव आलं. समजा २४ हजारांचा फोन, चार हजारांचे सहा हप्ते, क्रेडिट कार्डावर, वर्षाला १६ टक्के दर. बँकेच्या लेखी कर्ज सुमारे २२,९१९ चं आणि व्याज १,०८१. ते व्याज सूट म्हणून वळतं केलेलं असतं. म्हणजे रोख घेणाऱ्यानं घासाघीस करून जी सूट मिळवली असती, तीच इथं व्याजात गेली. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १९५ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर करासह २३५. चारशे तीस रुपये खिशातून गेले आणि हजाराची सूटही गेली.

रक्कम मोठी नाही, मान्य. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बारा हजारांचा फोन घ्यायला आलेला माणूस "महिन्याला फक्त चार हजार" ऐकून चोवीस हजारांचा घेऊन जातो. मजुरी आठवड्याची, काम असेल तेवढी. ऑर्डर कमी झाली की शिफ्ट कमी होते, पण हप्त्याची तारीख हलत नाही. हप्ता थकला की दंड, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग, आणि काही कर्जांत तर फोनमध्ये आधीच टाकलेलं ॲप फोनच लॉक करतं. मग त्या फोनवर कामाचा निरोपही येत नाही. अशी लॉक झालेली माणसं माझ्याकडे "भाऊ, एवढं काढून द्या" म्हणत येतात. मी ते काढत नाही, काढणं बरोबरही नाही, पण त्यांचा चेहरा बघवत नाही.

राहिलं एक्स्चेंज. जाहिरातीतली किंमत ही ओरखडा नसलेल्या फोनची असते, काउंटरवर ती उतरते. तोच फोन ओळखीत विकला तर बहुधा जास्त मिळतं, घरात कुणाला दिला तर त्याहून बरं. तुम्ही जुना विकत घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि केवायएम लिहून, एक जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून अडवलेला असेल तर कळतं. आणि देणार असाल तर आधी युपीआय ॲपमधून बाहेर पडा, गूगल खातं काढा, मग फोन रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड हातात आलंय ना बघा. रिसेट करून खातं तसंच ठेवलं तर घेणाऱ्याचा फोन कुलूपबंद राहतो, आणि रिसेट न करताच दिला तर तुमच्या पोरांचे फोटो कुणाच्या हातात गेले ते तुम्हाला कधीच कळत नाही.