‘भेसळ पकडली की खाटकाची चांदी’ : हे गणित नागपुरात का जमत नाही

सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. थोडक्यात असा: मांसाचा घोटाळा उघडकीस आला की लोक पॅकबंद माल सोडून गल्लीतल्या खाटकाकडे येतात, 2013 मध्ये इंग्लंडात हेच झालं, खाटीक समोर कापून देतो, त्यामुळे त्याच्यावर संशय येत नाही, मार बसतो तो हॉटेलवाल्यांना, पंधरा दिवसांत सगळे विसरतात. म्हणून अशी बातमी आली की ओळखीच्या मटणाच्या दुकानात दोन-तीन लाख टाका आणि सहा महिन्यांत दीडपट काढा. शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून कुणी एफडी मोडायच्या आत एकेक मुद्दा तपासून घेऊ.

“2013 मध्ये इंग्लंडात खाटकांकडे गर्दी झाली”

झाली, हे खरं. 15 जानेवारी 2013 ला आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जाहीर केलं की तपासलेल्या 27 बीफ बर्गरपैकी 10 मध्ये घोड्याचा डीएनए सापडला. टेस्कोच्या एका स्वस्त बर्गरमध्ये बीफच्या तुलनेत घोड्याचं प्रमाण 29 टक्के निघालं आणि एका दिवसात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे 30 कोटी पौंडांनी उतरलं. पण तिथं लोक मांस मुख्यतः सुपरमार्केटातून घेतात. खोटं बोललं ते लेबल, म्हणून लोक लेबल नसलेल्या दुकानाकडे वळले.

नागपुरात वळायला उरलंय कोण? महाल, पाचपावली, सदर, गड्डीगोदाम, कुठंही बघा. रविवारी सकाळची रांग आधीच खाटकाकडेच असते. आपल्याकडचे घोटाळेही वेगळ्या जातीचे. 2018 मध्ये कोलकात्यात कचरा डेपोवर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस हॉटेलांपर्यंत पोचल्याचं उघड झालं. त्यात लेबलाचा प्रश्नच नव्हता. मांस आलं कुठून, हा प्रश्न होता, आणि त्याच्यापुढं पॅकबंद काय नि सुटं काय, दोन्ही सारखेच संशयित.

गिऱ्हाईक सरकतं तेव्हा ते एका मांसाकडून दुसऱ्याकडे सरकतं. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी आवई उठली. चिकन झोपलं, मटण चढलं. मग मटणवाल्याची चांदी झाली का? ब्रॉयलर साधारण 40 दिवसांत दोन किलोचा होतो. बोकडाला कापण्याजोगं वजन धरायला आठ-दहा महिने ते वर्ष लागतं. मागणी एका आठवड्यात वाढली म्हणून बोकड वाढत नाहीत. मंडीत जिवंत मालाचा भाव चढतो आणि वरचा पैसा व्यापाऱ्याच्या, कधी पाळणाऱ्याच्या हाती जातो. खाटकाच्या काट्यावर भाव वाढलेला दिसतो, गल्ल्यात नाही.

“समोर कापतो, म्हणून संशय नाही”

समोर कापताना कसब दिसतं. जनावर आजारी होतं का, कापण्याआधी पशुवैद्यकानं पाहिलं का, हे त्यात दिसत नाही. आणि विषबाधेला भेसळच लागते असं थोडंच आहे? 1996 मध्ये स्कॉटलंडच्या विशॉ गावात ई-कोलाय या जंतूची मोठी साथ आली, वीसच्या आसपास माणसं दगावली. उगम कारखान्यात नव्हता, गावातल्या नावाजलेल्या खाटकाच्या दुकानात होता. कच्च्या मांसावरचे जंतू शिजवलेल्या मांसावर गेले होते. 2005 मध्ये दक्षिण वेल्समध्ये शाळांना मांस पुरवणाऱ्या खाटकाकडे हेच घडलं. कच्च्या आणि शिजवलेल्या मालाला व्हॅक्यूम पॅकिंगचं यंत्र एकच. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, पाच वर्षांचा एक मुलगा गेला.

आपल्याकडे त्या यंत्राची जागा लाकडी ठोकळा घेतो. सत्तूरच्या घावांनी पडलेल्या खाचांत चरबी आणि रक्त बसतं. वरून ओला फडका फिरवला की ठोकळा स्वच्छ दिसतो, खाचा तशाच राहतात. रोज दुकान बंद करताना ठोकळा खरवडायचा, जाडं मीठ चोळायचं, उभा करून वाळवायचा. खाचा बोटभर खोल झाल्या की रंधा मारून घ्यायचा. कोंबडीचा सुरा आणि मटणाचा सुरा वेगळा. खिमा यंत्राची जाळी आणि पातं दर काही तासांनी उघडून धुवायचं, कारण खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले जातात. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर असताना आकड्याला टांगलेली रान (बोकडाची मांडी) दोन तासांत वरून कोरडी आणि आतून कोमट होते. 5 ते 60 अंशांच्या मधला पट्टा जंतूंच्या सोयीचा. अनुकूल तापमानात त्यांची संख्या वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. माल 4 अंशांच्या खाली हवा, आणि फ्रीज दर मिनिटाला उघडला जात असेल तर आतलं तापमान काट्यावर लिहिलंय तेवढं नसतं.

संशय यायला दोष असावाच लागतो असंही नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये चेन्नईच्या एग्मोर स्थानकावर राजस्थानहून आलेलं सुमारे दोन टन मांस पकडलं. शेपट्या लांब, म्हणून कुत्र्याचं मांस ही बातमी देशभर गेली. तपासणीत ते शेळी-मेंढीचंच निघालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथलंच उदाहरण घ्यायचं तर डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, तेव्हाही संशय कोंबडीच्या मांसावर गेलाच.

“मार हॉटेलवाल्याला, खाटकाला नाही”

सगळ्यात मोठी चूक इथं आहे. हॉटेलवाला पडतो तो खाटकाच्याच पैशावर.

एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले घालून बघा. सावजी भोजनालयाला रोज 15 किलो मटण जातं, पैसे आठवड्यानं मिळतात. 800 रुपयांनी 105 किलो म्हणजे 84,000 रुपये कायम बाहेर. अशी तीन हॉटेलं असली की अडीच लाख. बातमी येते, हॉटेल ओस पडतं, आणि मालक भाडं देतो, आचाऱ्याला पगार देतो, गॅसवाल्याला देतो; थांबवतो ते मटणाचं बिल. ‘पुढच्या सोमवारी बघू.’ इकडं मंडीतला व्यापारी थांबत नाही, कारण त्याला पुढचा माल रोखीनं आणायचा असतो.

आता नफा किती, ते पाहा. 25 किलोचा बोकड, 400 रुपये किलोनं 10,000. मटण निघतं साधारण 12 किलो, म्हणजे 9,600. इथंच 400 चा तोटा. दुकान चालतं ते कलेजी, मुंडी, खूर, वजडी, सुंदरी यांवर. त्याचे 1,400 आले तर एका बोकडामागं हजार रुपये उरतात, त्यातून कापणाऱ्याची मजुरी, बर्फ, वीज. संशयाच्या दिवसांत गिऱ्हाईक मटण एक वेळ घेतं, पण आतड्या-वजडीकडं आधी पाठ फिरवतं. म्हणजे विक्री चौथाईनं घटली, तर नफा चौथाईनं नाही, सगळाच जातो. कातड्याला तर आता विचारूच नका.

चिकन सेंटरची गत आणखी वेगळी. न विकलेली कोंबडी पिंजऱ्यात दाणा खाते, वजन गमावते आणि उन्हात मरते. बोकड निदान चार दिवस बांधून ठेवता येतो.

“पंधरा दिवसांत लोक विसरतात”

विसरतात. पण कोणते पंधरा दिवस? श्रावणात किंवा नवरात्रात घोटाळा झाला तर दुकानाला फारसं जाणवणारही नाही, तेव्हा गिऱ्हाईक तसंही अर्धं असतं. हीच बातमी धुळवडीच्या आठ दिवस आधी आली तर? आखाडी, पोळ्याची कर, धुळवड, 31 डिसेंबर, या मोजक्या दिवसांवर वर्षाची कमाई उभी असते आणि त्यांचा माल आधीच ॲडव्हान्स देऊन घेतलेला असतो. 30 बोकड दहा दिवस जास्त बांधून राहिले आणि प्रत्येकी किलोभर उतरले, तर नुसत्या वजनाचे 12,000 गेले, चारा वेगळा. शिवाय त्या पंधरा दिवसांत ज्यानं दुसरं दुकान धरलं, तो बातमी विसरतो, दुसरं दुकान नाही.

“म्हणून पैसे टाका”

टेस्कोचा शेअर घेतलेल्याचं नुकसान शेअरच्या किमतीपुरतं. ओळखीच्या दुकानात ‘अर्धी भागीदारी’ घेणाऱ्याचं तसं नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 25 प्रमाणे पेढीच्या, म्हणजे भागीदारीतल्या दुकानाच्या, देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकट्यानंही जबाबदार असतो. ‘मी फक्त पैसे दिले, दुकानात बसत नाही’ हे उत्तर मंडीवाल्यापुढं चालत नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 66 मध्ये ‘कंपनी’त पेढी धरली आहे आणि पेढीचा भागीदार ‘संचालक’ ठरतो. त्याची संमती किंवा हयगय सिद्ध झाली तर तोही दोषी. दुकानाचा विमा आग आणि चोरीचा असतो, गिऱ्हाईक फिरकलं नाही याचा नव्हे.

तरीही पैसे टाकायचेच असतील तर बातमी नको, दुकान बघा. नोंदणी किंवा परवाना कुणाच्या नावे आणि कोणत्या तारखेपर्यंत. मागच्या तीन महिन्यांच्या मंडीच्या पावत्या आहेत का. घोटाळ्यात ‘माल कुठला’ याला दुकानाकडे तेवढंच उत्तर असतं. हॉटेलांची उधारी एकूण विक्रीच्या किती, आणि सात दिवसांपेक्षा जुनी किती. अन्न सुरक्षा अधिकारी मांसाचा नमुना घेतील तेव्हा काय मागायचं ते खाटकाला ठाऊक आहे का: नमुन्याचे चार भाग होतात, एक विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो तो दुकानदारानं मागितलं तरच. बहुतेक जण घाबरून मागतच नाहीत. विश्लेषकाचा अहवाल नमुना पोचल्यापासून 14 दिवसांत यायला हवा, त्यावर अपील 30 दिवसांत. मांस कुठल्या जनावराचं हा वाद असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत डीएनएवरून ते ठरवता येतं, शिजवलेल्या तुकड्यावरूनसुद्धा.

यातलं काहीच कागदावर नसेल आणि मैत्रीही मोडवत नसेल, तर रोख देऊ नका. स्वतःच्या नावाच्या बिलावर डीप फ्रीजर घेऊन द्या, महिन्याचं भाडं ठरवा. दुकान बसलं तर तो हातगाडीवर घालून घरी तरी आणता येतो.