मुलांना पळवा, पुड्याला हात लावू नका

शाळकरी मुलांचं पोषण आणि व्यायाम यांसाठी बाहेरच्या संस्थांशी भागीदारी जुळवायचं काम तुमच्या टेबलावर आलं असेल, तर आधी अभिनंदन. हे टेबल खात्यात कुणालाच नको असतं, कारण इथे खायला काही मिळत नाही असा गैरसमज आहे. घाबरू नका. पोषणाला पैसे लागतात, व्यायामाला लागत नाहीत आणि भागीदारीत तर उलट मिळतात. एवढं ध्यानात ठेवलंत तर निवृत्तीपर्यंत चिंता नाही.

भागीदार शोधायला बाहेर पडू नका, तो आपणहून येईल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे बड्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि लहान मुलांइतका फोटोजेनिक समाज दुसरा नाही. त्यातही निवड करायची झाली तर मुलांची ज्याला खरी जाण आहे असाच भागीदार घ्या. मधली सुट्टी किती वाजता होते, खिशात पाच रुपये असतात की दहा, पुडीत काय फुकट टाकलं की पोरं तुटून पडतात, हे वेफर्स, बिस्किटं आणि रंगीत पाणी विकणाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक आहे? बालरोगतज्ज्ञ शक्यतो नको. ते प्रश्न विचारतात आणि स्वखर्चाने बॅनरही छापत नाहीत.

आता विषय. विषय नेहमी व्यायाम हाच ठेवा. मूल जाड झालं तर दोष त्याच्या पायांचा, तोंडाचा नव्हे. हा शोध आपला नाही, त्यामागे मोठी आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. इंग्लंडमध्ये २००३ साली कॅडबरीने एका क्रीडा संस्थेबरोबर योजना काढली: चॉकलेट खा, वेष्टनं जमवा, शाळेला खेळाचं साहित्य मिळवा. क्रीडामंत्र्यांनी पाठ थोपटली. बास्केटबॉलचा एक चेंडू १७० वेष्टनांना, आणि व्हॉलीबॉलचं जाळं खांबांसकट ५,४४० वेष्टनांना. मग एका खडूस संस्थेने हिशेब मांडला की चेंडूपायी पोटात गेलेलं चॉकलेट जिरवायला दहा वर्षांच्या मुलाला तो चेंडू नव्वद तास खेळावा लागेल. यात वाईट काय आहे? नव्वद तास मूल मैदानावर राहिलं असतं! पण लोकांना चांगलं बघवत नाही. योजनेची इतकी छी-थू झाली की वेष्टनं बाजूला ठेवावी लागली.

चीनने मात्र नीट केलं. तिथे २००४ पासून शाळांत ‘हॅपी टेन मिनिट्स’ नावाचा उपक्रम आला, रोज दहा मिनिटं हालचाल. भागीदार दोन: सरकारचं रोगनियंत्रण केंद्र आणि ‘इल्सी’ या संस्थेची चिनी शाखा. इल्सी १९७८ मध्ये कोकाकोलाच्याच एका बड्या अधिकाऱ्याने काढलेली, खाद्यपेय कंपन्यांच्या पैशांवर चालणारी. चिनी शाखेचं कार्यालय त्या सरकारी केंद्रातच होतं, म्हणजे फाइल घेऊन जिना चढायचीही दगदग नाही. लठ्ठपणाच्या चिनी धोरणात आहार मागे पडून व्यायाम पुढे कसा सरकला, हे २०१९ मध्ये सुसान ग्रीनहाल नावाच्या संशोधक बाईंनी लिहून काढलं. तोपर्यंत पंधरा वर्षं निर्वेध गेली होती. तुमची बदली तीन वर्षांत होते.

एक पथ्य तेवढं पाळा. अमेरिकेत काही प्राध्यापकांनी ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ काढलं होतं. खाण्यापिण्यालाच कशाला धारेवर धरता, हालचालीकडे बघा, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये निघालं काय, तर पैसा कोकाकोलाचा आणि संकेतस्थळही कंपनीच्याच नावावर नोंदलेलं. वर्ष संपायच्या आत दुकान बंद. तेव्हा संकेतस्थळ मेहुण्याच्या नावावर घ्या.

मुंबईत व्यायाम कुठे घ्यायचा, ही शंका काढणारा मुख्याध्यापक प्रत्येक बैठकीत एक तरी निघतोच. शाळेखाली दुकानं, वर तीन मजले, आणि मैदान म्हणजे शिक्षकांच्या स्कूटर काढल्यावर उरतो तो चौकोन. त्याला ‘जागच्या जागी धावणे’ हा प्रकार समजावून सांगा. पीटीचा तास गणिताच्या बाई घेतात हे मात्र अहवालात येऊ देऊ नका.

सामंजस्य कराराच्या सोहळ्याला तारीख बघून घ्या. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना, २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन, १४ नोव्हेंबर बालदिन; शक्यतो २९ ऑगस्ट टाळा, त्या दिवशी मुंबईत पाऊस असतो आणि बॅनरचा रंग जातो. मुलांना सकाळी सातला आणून उभं करा. पाहुणे साडेदहाला येतील. मधल्या वेळात उभं राहणं हाही व्यायामच, तासांच्या हिशेबात धरा. एखादं मूल चक्कर येऊन पडलं तर गोंधळू नका, भागीदाराचं एनर्जी ड्रिंक स्टॉलवर असतंच. फोटोही तोच चांगला येतो.

कायद्याची भीती वाटते? २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. गिरगावात किंवा दादरला फाटकापासून पन्नास मीटर मोजत गेलात तर दुसऱ्या शाळेचं फाटक लागतं. म्हणून फीत फक्त बर्फाच्या गोळेवाल्यापर्यंत न्या. त्याची गाडी हलली की कारवाई दिसते, बातमी होते. आणि मुलांच्या टी-शर्टवर भागीदाराचा लोगो असेल तर तो जाहिरात नसतो, ते ‘सौजन्य’ असतं. या शहरात सौजन्याला कुणी कधी दंड केलेला नाही.

एक गोष्ट कुणीतरी मुद्दाम उकरून काढेल: खिचडी. तिचं कागदोपत्री नाव आता प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना, पण मुलं अजून खिचडीच म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि तांदूळ वेगळा धरून बाकी साहित्याला मे २०२५ पासून दर आहे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. डाळ, तेल, भाजी, मसाला, गॅस, सगळं त्यात. एवढ्या पैशांत मुंबईत अर्धा वडापाव येत नाही. शिजवणाऱ्या मदतनिसाला महाराष्ट्रात महिन्याला अडीच हजार मानधन. या बायका मुलांना खरोखर जेवू घालतात खऱ्या, पण त्यांना भागीदार म्हणू नका, त्या मंचावर खुर्ची मागतील.

अंडं तर त्याहून नाजूक. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. मुलं त्या दिवशी हमखास शाळेत येऊ लागली तर आश्चर्य नव्हतं; काहींच्या घरी अंडं कधी शिजतच नाही, काहींच्या घरी शिजवायला परवडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला की यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवं असेल तर शाळांनी लोकसहभागातून भागवावं. काहीजण यावर फार चिडतात. तुम्ही कौतुक करायला शिका. बिस्किटवाल्याशी सरकारने करार करायचा आणि अंड्यासाठी पालकांनी वर्गणी काढायची, इतकी सुबक विभागणी कुणाला सुचली असती?

वर्षअखेरीस मूल्यमापन करावं लागेल. टी-शर्ट किती वाटले, झेंडे किती फडकले, किती शाळांत ‘जागृती’ झाली, हे मोजा. मुलांचं वजन, उंची, हिमोग्लोबिन मोजायला जाऊ नका. आकडे सुधारले तर श्रेय कुणाचं यावर भांडण, बिघडले तर चौकशी.

आणि त्या अंड्याचा प्रश्न घेऊन पालक आलेच, तर टाळू नका. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा, विषयपत्रिकेत ‘लोकसहभाग’ टाका, सगळ्यांना चहा द्या. बिस्किटं भागीदार पाठवेल.