ऑरोरा : अर्थसंकल्पातल्या एका ओळीवर उभं राहिलेलं विमान

ऑरोराची गोष्ट पुन्हा फिरते आहे. मजकूर दर वेळी जवळजवळ तोच असतो. अमेरिकेने एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान १९९० मध्ये निवृत्त केलं, कारण त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक ६ ने (ध्वनीच्या सहापट वेगाने) उडणारं ऑरोरा नावाचं एक त्रिकोणी विमान तोवर सेवेत आलं होतं. पुरावे पाच सांगितले जातात. १९८५ च्या संरक्षण अर्थसंकल्पात चुकून छापलेलं ‘ऑरोरा’ हे नाव, एसआर-७१ ची निवृत्ती, १९८९ मध्ये उत्तर समुद्रावर दिसलेला काळा त्रिकोण, १९९१-९२ मध्ये कॅलिफोर्नियाला हादरवणारे आवाज, आणि दोरीत कडी ओवल्यासारखी दिसणारी आकाशातली पांढरी रेघ.

गुप्त विमानं असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या मागे मी वर्षानुवर्षं लागलो आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट खरी म्हणून पुढे ढकलली जाते तेव्हा मला त्रास होतो. एकेक पुरावा घेऊ.

अर्थसंकल्पातली ओळ खरी आहे. ती छापली गेली, पत्रकारांनी पकडली आणि १९९० मध्ये तिचा गाजावाजा झाला. लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विमानं घडवणाऱ्या विभागाचे प्रमुख राहिलेल्या बेन रिच यांनी १९९४ मध्ये आपल्या आठवणींत खुलासा केला, की ऑरोरा हे बी-२ बॉम्बर विमानाच्या स्पर्धेसाठी राखलेल्या पैशाचं सांकेतिक नाव होतं आणि ते पेंटागॉनमधल्या एका तरुण कर्नलने दिलं होतं. यावर आक्षेप घेतला जातो, की ती स्पर्धा १९८१ मध्येच नॉर्थ्रॉप कंपनीने जिंकली होती, मग १९८५ मध्ये ती ओळ कशी? आक्षेप रास्त आहे. रिच यांना काही लपवायचं होतं असंही कुणी म्हणेल. तेही धरून चालू. तरी हातात उरतं काय? एक नाव आणि एक रक्कम. त्या ओळीत वेग नाही, आकार नाही, इंजिन नाही. ते सगळं नंतर इतरांनी त्या नावावर चढवलं.

एसआर-७१ च्या निवृत्तीचा मुद्दा तर उलटाच पडतो. ते विमान चालवायला अतिशय महाग होतं. त्याला जेपी-७ हे खास इंधन लागायचं आणि ते हवेत भरायला वेगळी सज्ज केलेली टँकर विमानंही. शिवाय डिसेंबर १९७६ मध्ये केएच-११ मालिकेतला पहिला टेहळणी उपग्रह कक्षेत गेल्यापासून फोटो थेट जमिनीवर येऊ लागले होते, तर एसआर-७१ ची फिल्म विमान उतरल्यावरच धुतली जायची. हवाई दलाला हा खर्च आपल्या खिशातून करायचा नव्हता. आणि पुढे जे झालं ते या संदेशात कधीच नसतं. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने १० कोटी डॉलर मंजूर करून हीच विमानं परत सेवेत आणायला लावली. दुप्पट वेगाचं विमान हँगरमध्ये उभं असताना तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा उडालेलं विमान झाडूनपुसून कोण बाहेर काढतं?

उत्तर समुद्रावरचा त्रिकोण हा या यादीतला सगळ्यात वजनदार पुरावा, म्हणून त्यापाशी थोडं थांबतो. ऑगस्ट १९८९. समुद्रातल्या एका तेलविहिरीच्या फलाटावर काम करणारा अभियंता वर बघतो. केसी-१३५ टँकर, दोन एफ-१११ बॉम्बफेकी विमानं, आणि टँकरच्या मागे इंधन घेत असलेला, सगळ्या बाजू सरळ असलेला एक काळा त्रिकोण. हा माणूस विमानं ओळखण्याचं प्रशिक्षण घेतलेला, ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचा सदस्य होता. १९९२ मध्ये त्याची साक्ष प्रसिद्ध झाली. त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायला मला काहीच कारण दिसत नाही. त्याला ओळखू न आलेलं विमान दिसलं, हे मी मानतो.

पण त्याने पाहिला तो आकार. वेग त्याने पाहिला नाही. टँकरच्या मागे लागलेलं कुठलंही विमान टँकरच्याच चालीने उडतं. आणि इथे गोष्टीची दोन टोकं एकमेकांना भिडत नाहीत. ऑरोराच्या बहुतेक वर्णनांत ते द्रवरूप मिथेन किंवा हायड्रोजन जाळतं, कारण मॅक ६ ला तापलेला सांगाडा थंड ठेवायला तसलं अतिशीत इंधन सोयीचं. केसी-१३५ च्या टाक्यांत असतं केरोसीनच्या जातीचं इंधन. तो त्रिकोण त्या टँकरमधून इंधन घेत असेल, तर तो मिथेनवर उडणारा ऑरोरा नव्हे. आणि तो मिथेनवर उडत असेल, तर त्या टँकरमागे त्याचं काहीच काम नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच संदेशात शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात.

कॅलिफोर्नियातले आवाजही खरे होते. जून १९९१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपमापकांच्या जाळ्याने ते नोंदवले. हे जाळं असले धक्के टिपतं हे आधीच माहीत होतं. ऑगस्ट १९८९ मध्ये कोलंबिया हे स्पेस शटल कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाकडे उतरत असताना त्याच्या धक्क्याच्या लाटेने लॉस एंजेलिसमधल्या उंच इमारती हलल्या आणि ते हलणं या यंत्रांत उमटलं होतं. यंत्र मात्र विमान बघत नाही, येऊन आदळलेली लाट मोजतं. ती लाट वाऱ्याने आणि हवेच्या तापमानाने वाकते. वर जाऊन वातावरणाच्या उंच थरांतून परतते आणि उगमापासून फार दूर जमिनीला लागते. कॉनकॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान समुद्रावरच वेग कमी करत असे, तरी त्याचे असे दुय्यम धमाके अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऐकू यायचे. दक्षिण कॅलिफोर्नियासमोरच्या समुद्रावर लष्करी सरावाची मोठी हद्द आहे आणि तिथे लढाऊ विमानं रोजच ध्वनीच्या वेगापलीकडे जातात. आवाजाचं कारण शोधायला इतकं पुरेसं आहे.

कड्यांच्या रेघेबद्दल फार लिहायची गरज नाही. दोन्ही पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे मागे समांतर जातात, मग लाटेसारखे डुलतात, जागोजाग एकमेकांना चिकटतात आणि त्यांची कडी होतात. एस. सी. क्रो यांनी १९७० मध्ये याचं गणित मांडलं. साध्या प्रवासी विमानामागेही शांत हवेत हे दिसतं. या रेघेवरून विमानात ‘पल्स डिटोनेशन इंजिन’, म्हणजे इंधनाचे एकामागून एक स्फोट घडवून ढकलणारं इंजिन, असल्याचा निष्कर्ष काढतात, पण तसल्या इंजिनावर माणसासह पहिलं उड्डाण झालं ते जानेवारी २००८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या धावपट्टीवर. एका छोट्या विमानाचं ते उड्डाण सुमारे १० सेकंद टिकलं.

या पाचांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट, आणि तीच या चर्चांत येत नाही. उष्णता. ३ ऑक्टोबर १९६७ ला एक्स-१५ हे रॉकेट विमान मॅक ६.७ ला पोचलं. इनकोनेल या उष्णतारोधक मिश्रधातूचा सांगाडा, त्यावर झिजून जाणारा संरक्षक लेप. शेपटीखाली पुढच्या प्रयोगासाठी एका इंजिनाची नमुनाप्रतिकृती बसवलेली होती. तिच्या टोकापासून निघालेली धक्क्याची लाट तिला धरून ठेवणाऱ्या पंखावर पडली आणि पंखाच्या धातूला भोकं पडली. नमुना सुटून खाली पडला. विमान जेमतेम परत आलं आणि पुन्हा कधीच उडालं नाही. हे झालं काही मिनिटांच्या उड्डाणात. टेहळणी विमानाला हा वेग तासन् तास आणि आठवड्यामागून आठवडे झेपावा लागतो. पुढे १ मे २०१३ ला एक्स-५१ या मानवरहित यानाचं स्क्रॅमजेट (ध्वनीच्या अनेक पट वेगासाठीचं जेट इंजिन) सुमारे साडेतीन मिनिटं चाललं आणि मॅक ५.१ गाठलं गेलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तेवढ्या यशाचं अभियंत्यांना केवढं अप्रूप वाटलं!

मग शेवटचा युक्तिवाद येतो: एफ-११७ हे रडारवर सहज न दिसणारं लढाऊ विमानही तर नाकारलं होतं, पण होतंच ना! होतं. १८ जून १९८१ ला ते पहिल्यांदा उडालं आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये एका धूसर फोटोसह जाहीर झालं. मधल्या बहुतेक काळात नेवाडातल्या टोनोपाह तळावर ते फक्त रात्री बाहेर निघायचं. वैमानिक दिवसा ए-७ ही साधी, सर्वांना माहीत असलेली विमानं उडवायचे, म्हणजे तळावर काय चाललंय याला एक उत्तर तयार राहायचं. आठवड्याच्या शेवटी त्यांना भाड्याच्या प्रवासी विमानाने लास व्हेगासजवळच्या नेलिस तळावर, घरी सोडलं जायचं. इतकं करूनही जुलै १९८६ मध्ये एक विमान बेकर्सफील्डजवळ कोसळलं आणि जंगल सशस्त्र पहाऱ्यात गेल्यावर सगळ्यांना कळलं की काहीतरी आहे. त्याच वर्षी बाजारात या गुप्त विमानाची म्हणून ‘एफ-१९’ नावाची खेळण्यातली प्रतिकृती आली, गुळगुळीत वळणांची. खरं विमान निघालं सपाट पत्र्यांच्या तुकड्यांचं, कोनाकोनांचं. अफवेला विमान असल्याचं कळलं होतं. नाव आणि रूप दोन्ही चुकलं.

एखादं प्रायोगिक विमान दीर्घकाळ लपतं, हे मान्य. टॅसिट ब्लू १९८५ मध्ये उडायचं थांबलं आणि १९९६ मध्ये दाखवलं गेलं. बर्ड ऑफ प्रे १९९६ ते १९९९ दरम्यान ३८ वेळा उडालं आणि २००२ मध्ये उघड झालं. पण ही एकुलती एक विमानं होती. सेवेतल्या ताफ्याला टँकर लागतात, सुटे भाग लागतात, परदेशी तळ लागतात, आणि चाळीस वर्षांत एकदा तरी काहीतरी पडतंच. आणखी एक पाहा. एफ-११७, टॅसिट ब्लू, बर्ड ऑफ प्रे, २००७ च्या सुमारास कंदाहारला दिसलेलं आरक्यू-१७० हे ड्रोन, सगळी ध्वनीपेक्षा कमी वेगाची. या विमानांत गुपित वेगाचं नव्हतं, रडारवर न दिसण्याचं होतं. आपण मात्र अजून सगळ्यात वेगवान काय असेल तेच हुडकतो आहोत.

हुडकायचं कसं, याचं माझं आवडतं उदाहरण २२ नोव्हेंबर १९८८ चं आहे. कॅलिफोर्नियातल्या पामडेलला बी-२ पहिल्यांदा बाहेर आणलं गेलं. पाहुण्यांना समोरच्या बाजूला, अंतर राखून बसवलं होतं, म्हणजे मागची कडा कुणाला दिसू नये. विमानविषयक साप्ताहिकाच्या एका पत्रकाराने आधी चौकशी केली, वरचा हवाई मार्ग बंद केलेला नाही हे पाहिलं, छोटं सेस्ना विमान घेतलं आणि कार्यक्रम चालू असताना वरून फोटो काढले. बी-२ ची ती दातेरी मागची कडा जगाने पहिल्यांदा त्या फोटोंत पाहिली.