खुलासा : युक्रेनमध्ये १८ वर्षांच्या मुलांची सक्तीची भरती?

‘माणसं संपली, आता युक्रेन १८ वर्षांच्या पोरांना धरून आघाडीवर पाठवतोय’ असा मेसेज फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

सक्तीच्या भरतीचं किमान वय २५ आहे. आधी ते २७ होतं. ते कमी करणारं विधेयक संसदेने २०२३ मध्येच मंजूर केलं, पण झेलेन्स्कींनी त्यावर सही केली एप्रिल २०२४ मध्ये. अमेरिकेतून १८ पर्यंत खाली या असा आग्रह झाला, तोही मानला नाही. १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठी फेब्रुवारी २०२५ पासून ऐच्छिक करार आहे, वर्षभराच्या सेवेचे १० लाख रिव्निया (युक्रेनचं चलन). उलट ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायची मुभा मिळाली. घोळ बहुधा इथेच होतो: देश सोडायची बंदी १८ पासून होती, भरती नव्हे.

माणसांचा तुटवडा मात्र खराच. भरतीसाठी रस्त्यावरून पुरुषांना मिनीबसमध्ये कोंबतानाचे काही व्हिडिओही खरे आहेत. आघाडीवर सलग खंदक उरलेले नाहीत. दोन-तीन जणांचं एक ठाणं, पुढचं बरंच लांब, मधल्या जागेवर ड्रोनची नजर. धुकं पडलं की ड्रोन आंधळे होतात. रशियन सैनिकही मग दोघं-तिघं करून याच फटींतून आत घुसतात, कधी चक्क मोटारसायकलवरून. ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या डोब्रोपिल्या शहराजवळ ते असेच दहाएक किलोमीटर आत शिरले होते.