मागची फुली

परवा एका अनोळखी गृहस्थाने लिफ्टमध्ये माझ्या मागे गुडघे टेकून नेलकटरने माझा नवा कोट उसवला. घरी अजून सांगितलेलं नाही. ऑफिसात सांगायची गरज उरलेली नाही, तिथल्या एकाने पाहिलंच आहे.

आधीचं पटकन उरकतो. वयाच्या ४१व्या वर्षापर्यंत सुटावाचून माझं काही अडलं नव्हतं. मग बढती मिळाली, बाहेरचे पाहुणे येणार असं ठरलं आणि साहेब म्हणाले, "दोन सूट घेऊन टाका." मोजे घेऊन टाका म्हणावं इतक्या सहज. गेलो, घेतले. एक गडद निळा, एक कोळशासारखा करडा. पहिल्या सुटाला गडद निळ्यासारखा रंग नाही, दिवसा-संध्याकाळी, सुखा-दुःखाला कुठेही खपतो, हे मला नंतर कळलं. मी निळा घेतला कारण काळा माझ्या मापात शिल्लक नव्हता.

मापाचं तर विचारूच नका. तयार सुटात कोटाची छाती आणि पँटची कंबर यांत बहुधा ६ इंचांचा फरक धरलेला असतो. छाती ४० तर कंबर ३४. ज्याने हा हिशोब मांडला त्याने दुकानातल्या पुतळ्याचं माप घेतलं असणार. माझा फरक २ इंच, तोही श्वास रोखून धरला तर. आमच्यासारख्यांनी कोट आणि पँट वेगवेगळ्या मापांत देणारं दुकान गाठावं. मी पँट मागच्या शिवणीतून सोडवून घेतली. अशी किती सोडता येते याला मर्यादा असते. खुर्चीत बसलो की ती मर्यादा मला जाणवते.

तर लिफ्ट. कार्यक्रम चौदाव्या मजल्यावर. माझ्याबरोबर तळमजल्यालाच एक सत्तरीचे गृहस्थ आत शिरले. गालाला रुमाल बांधलेला, गाल लिंबाएवढा सुजलेला. त्यांनी सहाचं बटण दाबलं. सहाव्यावर दातांचा दवाखाना आहे. मी आरशात टाय बघत होतो. ते माझी पाठ बघत होते.

"हरत करायचाय का?" ते म्हणाले.

"काय?"

"कोट. दुकानात हरत करायचाय?"

"नाही हो. आजच पहिल्यांदा घातलाय."

"मग मागे हुली कशी?"

"काय आहे मागे?"

"हुली! हुली!" सुजलेल्या गालामुळे त्यांचे ओठ मिटत नव्हते, त्यामुळे प आणि फ दोन्ही बाद. शेवटी त्यांनी हवेत बोटाने फुली काढली, परीक्षक काढतो तशी ठसठशीत.

मग उलगडा झाला. कोटाच्या मागे खाली जी चीर असते, ती गोदामात आणि प्रवासात फाकू नये म्हणून कारखान्यात तिच्यावर जाड दोऱ्याची कच्ची फुली घालतात. घातल्या दिवशी ती कापून टाकायची असते. मला ती कलाकुसर वाटली होती. आदल्या रात्री आरशाकडे पाठ करून, मान मोडेस्तोवर वळवून मी तिचं कौतुक केलं होतं. पांढरा दोरा, निळं कापड, काय नेमकी जागा साधलीय!

"हलू नका," म्हणत त्यांनी खिशातून नेलकटर काढलं, एक हात गालावर तसाच ठेवला आणि माझ्या मागे गुडघे टेकले. नकार द्यायचा असेल तर तो नेमका कोणत्या शब्दांत द्यायचा, याचा मी विचार करत असताना कट् असा आवाज आला. सहावा मजला आला. दार उघडलं. "तुमचा मजला," मी म्हणालो. "थांबा, बाही राहिली." दार मिटलं.

बाहीवर कंपनीची कापडी पट्टी होती. मी तिला बिल्ला समजत होतो. एवढे पैसे मोजल्यावर नाव दिसायलाच हवं, अशी माझी साधी समजूत. ती दुकानदाराच्या सोयीसाठी असते आणि घरी आल्यावर काढायची असते. "हात वर करा." मी दोन्ही हात वर केले. एकच करायचा होता.

"तुम्ही टेलर का?"

"छे. जकातीत होतो. मीसुद्धा एक कोट अकरा वर्षं असाच वाहरला. खिसे खोटे आहेत असं समजून."

इथे मी हळूच हात खाली केले आणि स्वतःचे खिसे चाचपले. खोटेच होते. म्हणजे मला तसं वाटलं होतं. बाहेर झाकण, आत काही नाही. तेही कच्च्या टाक्यांनी बंद केलेले असतात, कापड ओघळू नये म्हणून. काहीजण ते मुद्दाम बंदच ठेवतात, पण बंद ठेवणं आणि बंद असल्याचं माहीत नसणं यात फरक आहे. काकांनी माझा चेहरा पाहिला. "तुमचेहण?" मी मान डोलावली. ते पुन्हा खाली बसले आणि लिफ्ट चौदाव्याला थांबली.

दार उघडलं तेव्हा समोर आमच्या हिशेब खात्यातला एकजण हातात फायली घेऊन उभा होता. त्याला काय दिसलं ते मी मनात अनेकदा मांडून पाहिलं आहे. एक म्हातारा गुडघ्यांवर, तोंडाला रुमाल, हातात पोलादी काहीतरी, त्याची बोटं माझ्या खिशात, आणि मी लिफ्टच्या भिंतीला टेकून पोट आत घेऊन उभा. तो आत आला नाही. "मी जिन्याने जातो," म्हणाला. चौदा मजले.

"खालचं बटण सोडा," खालून आवाज आला.

"मग दिलंय कशाला?"

"ते मला विचारू नका."

सांगतात असं, की इंग्लंडचा सातवा एडवर्ड राजा जाडजूड होता, त्याला खालचं बटण लागेना, म्हणून दरबाऱ्यांनीही सोडलं आणि ती रीत पडली. खरंखोटं तो राजाच जाणे. पण आजही दोन बटणांच्या कोटाचं वरचंच लावतात आणि बसताना तेही सोडतात. म्हणजे एका माणसाच्या पोटाची साऱ्या जगाने लाज राखली. माझ्या पोटासाठी कोणी एक शिवणसुद्धा धड सोडत नाही.

खरा राग त्या दुकानावर आहे. विक्रेत्याने माझा फोन नंबर तीनदा घेतला, जन्मतारीख घेतली, कुठल्याशा योजनेत माझं नाव घातलं. पण 'ही फुली कापा, ही पट्टी काढा, हे खिसे उघडा' हे तोंडातून काढलं नाही. उलट "साहेब, हे सुपर १५०, एकदम टिकाऊ" म्हणून महागडं कापड पुढे केलं. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो. सुपर १००चा तंतू १८.७५ मायक्रॉनपर्यंत, १५०चा १६.२५पर्यंत. आकडा वाढला की कापड तलम होतं, पण चुरगळतं जास्त आणि झिजतंही लवकर. रोजच्याला १०० ते १२० पुष्कळ. कोटाला आकार देणारं आतलं जाड कापड, म्हणजे कॅनव्हास, शिवलेलं आहे की डिंकाने चिकटवलेलं, हे विचारल्यावर तो हसला. चिकटवलेलंच निघालं. सतत ड्रायक्लीनला टाकलं तर कोटाच्या छातीवर कापडाला फोड यायची भीती. हा प्रश्न मी विचारला तो पैसे भरल्यावर, ही माझी चूक.

काल तिथे जाऊन मी विचारलं, फुलीचं सांगितलं का नाही? तो म्हणाला, "सर, ते सगळ्यांना माहीत असतं."

सगळे म्हणजे कोण? ज्यांच्या वडिलांच्या कपाटात कोट होता ते. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नाही. त्यांनी मला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, फ्यूजची तार बदलायला शिकवलं. फुलीचं ते कुठून सांगणार? आणि नवखा कोण हे पाठीवरूनच ओळखू यावं अशी सोय करून ठेवायची, वर ती सगळ्यांना माहीत आहे म्हणायचं!

काकांनी एक गोष्ट मात्र लाख मोलाची सांगितली, सहाव्यावर परत उतरताना. "खांदा नीट बसलाय तुमचा. बाकी सगळं दुरुस्त होतं, खांदा होत नाही." कोटाच्या खांद्याची शिवण स्वतःच्या हाडावर संपली की निम्मं काम झालं. बाही आखूड करता येते, कंबर दाबता येते. खांदा उचलायचा तर सगळा कोट उकलावा लागतो. तेवढ्या एका बाबतीत मी नकळत पास झालो होतो. त्यांनी कापलेले दोरे मोजून माझ्या तळहातावर ठेवले आणि गाल धरून दवाखान्याकडे गेले. दाढ वाचली की गेली, कळलं नाही.

कार्यक्रम झाला. एका पाहुण्याने कार्ड मागितलं. मी नव्या कोऱ्या खिशात ऐटीत हात घातला. डाव्या खिशाच्या कोपऱ्यात नेलकटर दोन टाके जास्तच आत गेलं होतं. कार्ड तिथून घसरून अस्तराच्या आत, पार मागच्या चिरेपर्यंत पोचलंय. अजून तिथेच आहे. बसलो की टोचतं.